वाहत्या पाण्याला विचारावयाचे दोन प्रश्न

आषाढ लागून मुठेला पाणी आलें कीं पुण्याच्या पुलांवर माणसांची गर्दी जमते. छत्र्या सांवरीत लोक कठड्याशीं उभे राहतात आणि खालच्या गढूळ लोंढ्याकडे पाहत असतात. त्यांच्या बोलण्याकडे कान दिल्यास दोन प्रश्न पुन्हां पुन्हां ऐकूं येतात. पाण्याची ओढ कोणीकडे आहे, हा एक. आणि पाणी चढतें आहे कीं उतरतें आहे, हा दुसरा. पहिला प्रश्न दिशेचा आहे, दुसरा काळाचा आहे. आणि या दोन साध्या प्रश्नांतच प्रवाहशास्त्राच्या एका मोठ्या प्रकरणाचें बीज आहे. वाहणारा पदार्थ नदीचें पाणी असो, विमानाच्या पंखावरून सरणारी हवा असो किंवा माणसाच्या धमन्यांतून धांवणारें रक्त असो, त्याचा अभ्यास आरंभणारा शास्त्रज्ञ प्रथम हेच दोन प्रश्न विचारतो. या प्रवाहाचा वेग किती दिशांनीं बदलतो? आणि एकाच ठिकाणीं तो वेळेगणिक बदलतो कीं नाहीं? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून प्रवाह एकमितीय, द्विमितीय किंवा त्रिमितीय ठरतो. दुसऱ्याच्या उत्तरावरून तो स्थायी किंवा अस्थायी ठरतो.

हें वर्गीकरण म्हणजे पंडितांची निव्वळ हौस आहे, असें कोणास वाटण्याचा संभव आहे. वनस्पतिशास्त्रज्ञानें झाडाला कोणत्याही कुळांत घातलें तरी झाड आपलें होतें तसेंच राहतें, हें खरें. परंतु येथें प्रकार निराळा आहे. प्रवाहाचा वर्ग ठरला म्हणजे त्याचें गणित ठरतें. आणि गणित ठरलें म्हणजे नळाच्या पत्र्याची जाडी, पुलाच्या कमानींची उंची आणि पुराची सूचना गांवास किती तास आधीं मिळेल, या सर्व गोष्टी ठरतात. वर्ग चुकला तर गणित बरोबर सुटूनही उत्तर चुकतें, आणि तें चूक आहे हें कळण्याच्या आधींच पाणी दाराशीं आलेलें असतें.

वर्गीकरणाची गरज मुळांत कां पडली, तें पाहणें उद्बोधक आहे. वाहत्या पाण्यांतील एखाद्या बिंदूपाशीं वेग किती, हें सांगावयाचें तर तो बिंदु कोठें आहे हें आधीं सांगावें लागतें. त्यासाठीं लांबी, रुंदी आणि उंची अशीं तीन मापें लागतात. शिवाय कोणत्या क्षणींचा वेग, हेंही सांगावें लागतें. म्हणजे वेग चार गोष्टींवर अवलंबून राहतो : तीन मिती आणि चौथा काळ. स्वित्झर्लंडमध्यें जन्मलेला थोर गणिती ऑयलर यानें अठराव्या शतकाच्या मध्यास घर्षणरहित प्रवाहाचीं समीकरणें मांडलीं. पुढें फ्रान्समधील नाव्हिए यानें १८२२ मध्यें आणि आयर्लंडमध्यें जन्मलेल्या स्टोक्सनें १८४५ मध्यें त्यांत द्रवाच्या अंतर्गत घर्षणाचा विचार आणला. ही समीकरणें दिसावयास चार ओळींचीं आहेत. पण तीं सर्वस्वीं सोडविणें अद्याप कोणासही साधलेलें नाहीं. इतकेंच नव्हे, तर त्यांना सर्व प्रसंगीं सुरळीत उत्तर असतेंच कीं नाहीं, हें सिद्ध करणाऱ्यास अमेरिकेंतील क्ले गणित संस्थेनें २००० सालीं दहा लाख डॉलरांचें बक्षीस लाविलें. चारही गोष्टी एकदम हाताळणें असें दुष्कर असल्यामुळें शहाणा अभियंता प्रथम पाहतो तें हें कीं, या चारांपैकीं कोणती गोष्ट सोडून दिली असतां फारसें बिघडणार नाहीं. वर्गीकरण म्हणजे काय सोडावयाचें याचा निर्णय, अशी त्याची व्याख्या केल्यास ती चुकीची होणार नाहीं.

प्रथम काळाचा विचार करूं जातां, स्थायी प्रवाह म्हणजे काय हें स्वयंपाकघरांतील नळावरून चांगलें समजतें. नळ थोडासा उघडला आणि हात काढून घेतला कीं पाण्याची एक गुळगुळीत, कांचेसारखी धार खालीं पडूं लागते. ती इतकी निश्चल दिसते कीं पाणी वाहत आहे असें वाटूंही नये. आज पाहिलें तरी तीच, दहा मिनिटांनीं पाहिलें तरी तीच. एका ठिकाणीं दृष्टि खिळवून ठेवली असतां तेथील वेग जर वेळेगणिक बदलत नसेल, तर तो प्रवाह स्थायी होय. नळाची तोटी फिरविली कीं जोंवर ती फिरत आहे तोंवर धार जाडबारीक होत राहते. तेवढा वेळ प्रवाह अस्थायी असतो.

येथें एक गैरसमज होण्याचा फार संभव आहे, आणि तो विद्यार्थ्यांच्याही मनांत बरेच दिवस घर करून राहतो. स्थायी प्रवाह म्हणजे ज्यांत पाण्याचा वेग कायम राहतो तो, अशी समजूत करून घेतली जाते. ती बरोबर नाहीं. नळाच्या त्याच धारेकडे पुन्हां पाहावें. ती तोटीपाशीं जाड आणि खालीं मोरीपाशीं बारीक असते. याचें कारण असें कीं पाण्याचा प्रत्येक कण पडतांना गुरुत्वाकर्षणानें अधिकाधिक वेगवान् होत जातो. तोटीपाशीं पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर असेल, तर वीस सेंटिमीटर खालीं तो सेकंदाला दोन मीटर, म्हणजे चौपट झालेला असतो. एका सेकंदांत जेवढें पाणी वरून निघतें तेवढेंच खालून गेलें पाहिजे. म्हणून चौपट वेगाच्या जागीं धारेचा छेद चतुर्थांश आणि तिची जाडी निम्मी होते. असा रीतीनें प्रत्येक कण वेग बदलीत असतांही प्रवाह मात्र स्थायीच आहे. कारण वीस सेंटिमीटर खालच्या त्या ठिकाणीं येणारा प्रत्येक नवा कण पहिल्या कणाच्याच वेगानें येतो. सर्व ठिकाणीं वेग सारखा असेल तर त्या प्रवाहास एकसमान म्हणतात. एकसमान असणें ही जागेची गोष्ट आहे आणि स्थायी असणें ही काळाची गोष्ट आहे. दोहोंची गल्लत करतां उपयोगी नाहीं.

नदीच्या घाटावर बसून समोरच्या पाण्याकडे पाहणारा मनुष्य आणि पाण्यांत पडून वाहत जाणारें पिंपळाचें पान, या दोघांना एकच नदी निरनिराळी दिसते. घाटावरील माणसाला समोर सदैव तोच वेग दिसतो. पानाला मात्र कोठें अरुंद पात्रांत धांवावें लागतें, तर कोठें डोहांत रेंगाळावें लागतें. स्थायी आणि अस्थायी हे शब्द घाटावरील माणसाच्या भाषेंतले आहेत, पानाच्या भाषेंतले नव्हेत, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुष्कळसा घोटाळा टळतो.

परंतु पाहणारा स्वतःच चालूं लागला तर काय होतें? शांत तळ्यांतून होडी एका वेगानें जात आहे अशी कल्पना करावी. तिच्या नाळेपासून दोन्ही बाजूंस तिरप्या लाटा पसरतात. काठावर उभ्या असलेल्या मुलाच्या समोरचें पाणी आधीं स्तब्ध असतें, होडी आली कीं उसळतें आणि ती गेली कीं पुन्हां निवतें. त्याच्या दृष्टीनें हा प्रवाह अस्थायी आहे. होडींत बसलेल्या माणसाला मात्र त्याच लाटा होडीशीं जणूं खिळवून ठेवल्यासारख्या दिसतात. त्याच्या दृष्टीनें प्रवाह स्थायी आहे. म्हणजे स्थायीपणा हा केवळ पाण्याचा गुण नसून पाहण्याच्या जागेचाही गुण आहे. शास्त्रज्ञांनीं या गोष्टीचा मोठा फायदा करून घेतला आहे. विमानाची परीक्षा करतांना तें हवेंत उडविण्याऐवजीं त्याची लहान प्रतिकृति एका बोगद्यांत बांधून ठेवतात आणि तिच्यावरून एकसारख्या वेगानें वारा सोडतात. त्यामुळें अस्थायी प्रवाहाचा स्थायी प्रवाह होतो आणि मोजमाप सोपें होतें. मात्र ही युक्ति जेथें लाटेचा आकार चालतां चालतां बदलत नाहीं तेथेंच चालते. नदीच्या पुराची लाट पसरते आणि ठेंगणी होत जाते. तिच्याबरोबर कितीही धांवलें तरी ती स्थायी दिसत नाहीं.

आतां दुसरा प्रश्न मितीचा. लांब नळ, कालवा किंवा अरुंद नदी यांत पाणी मुख्यतः एकाच दिशेनें जातें. खरें पाहतां नळाच्या भिंतीला चिकटलेलें पाणी मुळींच हलत नाहीं आणि मध्यभागीं तें सर्वांत वेगानें जातें. म्हणजे वेग आडव्या दिशेनेंही बदलतोच. परंतु शहरास किती पाणी पोंचेल एवढेंच विचारावयाचें असेल, तर प्रत्येक छेदांतील सरासरी वेग घेऊन काम भागतें. मग फक्त लांबी हीच एक मिती उरते आणि प्रवाह एकमितीय मानतां येतो. पाटबंधारे खात्याचें कालव्यांचें बहुतेक गणित असेंच चालतें. मात्र त्याच नळाच्या भिंतीवर गंज कोठें धरेल, असा प्रश्न विचारला तर सरासरी वेग निरुपयोगी ठरतो आणि भिंतीजवळच्या थराकडे पाहावेंच लागतें. यावरून दिसून येईल कीं मितींची संख्या जितकी प्रवाहावर तितकीच विचारलेल्या प्रश्नावरही अवलंबून असते.

धरणाच्या रुंद सांडव्यावरून पाणी पडत असेल तेव्हां सांडव्याच्या मध्यावर काय आणि चार मीटर बाजूस काय, देखावा एकच असतो. तेथें रुंदीची मिती सोडून दिली आणि लांबी व उंची या दोनच ठेवल्या तरी चालतें. हा द्विमितीय प्रवाह होय. बंदरांतील भरतीओहोटीचा प्रवाहही द्विमितीय मानतात, पण निराळ्या कारणानें. मुंबईच्या बंदरांत पाण्याचा विस्तार कित्येक किलोमीटर आणि खोली अवघी कांहीं मीटर. म्हणून तेथें उंचीची मिती सरासरींत विलीन करून लांबी व रुंदी ठेवणें सोयीचें होतें. हेल-शॉ या इंग्रज अभियंत्यानें १८९८ मध्यें दोन कांचांच्या अगदीं बारीक फटींतून पाणी व रंगाच्या रेषा सोडून असा द्विमितीय प्रवाह डोळ्यांना दिसेलसा केला.

परंतु मिती सोडून देण्यांत धोकाही असतो, आणि तो कोणासही घरबसल्या पाहतां येण्याजोगा आहे. पातेल्यांत पाणी घ्यावें, त्यांत चिमूटभर चहाची भिजलेली पत्ती टाकावी आणि चमच्यानें गोल ढवळून चमचा काढून घ्यावा. पत्ती पाण्याहून जड आहे. तेव्हां फिरणाऱ्या पाण्यांत ती बाहेर फेंकली जाऊन कडेला जमावी, असें वाटतें. प्रत्यक्षांत ती तळाच्या मध्यभागीं येऊन गोळा होते. या चमत्काराचें स्पष्टीकरण आइन्स्टाइननें १९२६ मध्यें एका लहानशा लेखांत केलें. फिरणारें पाणी कडेकडे रेटलें जातें, त्यामुळें कडेशीं दाब अधिक आणि मध्यावर कमी असतो. वरच्या थरांत हा दाब आणि पाण्याची बाहेर जाण्याची प्रवृत्ति यांचा तोल राहतो. तळाशीं मात्र भांड्याच्या घर्षणानें पाणी मंदावलेलें असतें. तेथें बाहेर जाण्याची प्रवृत्ति दुबळी होते, पण दाब होता तेवढाच राहतो; म्हणून तळाचें पाणी मध्याकडे ढकललें जातें आणि आपल्याबरोबर पत्तीही नेतें. मध्यावर तें वर चढतें, पृष्ठभागावरून कडेकडे जातें आणि कडेनें पुन्हां खालीं उतरतें. ढवळण्याचा प्रवाह केवळ गोल फिरणारा, म्हणजे द्विमितीय, असें मानणाऱ्याला हें चक्र कधींच दिसणार नाहीं. तें तिसऱ्या मितींत लपलेलें आहे.

आइन्स्टाइनला चहापेक्षां नदीचें अगत्य अधिक होतें. नदीच्या वळणावरही हेंच घडतें. वरचें वेगवान् पाणी बाहेरच्या काठावर आदळतें, खालीं उतरतें आणि तळावरून वाळू घेऊन आंतल्या काठाकडे सरकतें. त्यामुळें बाहेरचा काठ खचत जातो आणि आंतल्या बाजूस वाळूचें मैदान वाढत जातें. वळण अधिकाधिक बांकतें आणि नदी नागमोडी होते. ज्या शेतकऱ्याचा मळा बाहेरच्या काठावर आहे त्याला पिढ्यानुपिढ्या जमीन गमवावी लागते आणि पलीकडच्या काठावर नवी जमीन वर येते, याचें कारण या तिसऱ्या मितीच्या चक्रांत आहे. तेथें काठाला दगडी बांध घालणारा अभियंता जर एकमितीय गणितावर विसंबला, तर बांधाच्या पायाखालील माती कां वाहून जाते, हें त्याला उमगणार नाहीं.

अशा प्रकारें तीन मिती व दोन काळप्रकार मिळून प्रवाहाचे सहा वर्ग होतात. एकसारख्या सोडलेल्या कालव्याचा प्रवाह एकमितीय व स्थायी; पुराची लाट एकमितीय व अस्थायी. मातीच्या लांब धरणांतून पाझरणारें पाणी द्विमितीय व स्थायी. बंदरांतील भरती द्विमितीय व अस्थायी. नदीच्या वळणावरील संथ दिवसांतील प्रवाह त्रिमितीय व स्थायी. आणि मोसमी वारे, वादळें, चुलीवरचा धूर हे सर्व त्रिमितीय व अस्थायी. शेवटचा वर्ग सर्वांत अवघड आणि निसर्गांत सर्वांत विपुल आहे.

येथें एक शंका रास्त आहे. नदीचा किंवा नळाचा प्रवाह खरोखर स्थायी असतो काय? मँचेस्टर येथील प्राध्यापक ऑसबोर्न रेनॉल्ड्स यानें १८८३ मध्यें कांचेच्या नळींतून पाणी सोडून त्यांत रंगाची बारीक धार घातली. वेग थोडा असतां रंगाची रेषा दोऱ्यासारखी सरळ गेली. वेग वाढवितांच ती एकाएकीं थरथरली आणि तिचे भोवरे होऊन सगळी नळी रंगून गेली. पहिल्यास स्तरीय प्रवाह म्हणतात, दुसऱ्यास क्षुब्ध प्रवाह. नेहमींच्या व्यवहारांतील अडीच सेंटिमीटर व्यासाच्या नळींत पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ८ सेंटिमीटर होण्याच्या आंतच स्तरीयपणाची खात्रीची मर्यादा संपते. म्हणजे घरांतील, रस्त्यांतील आणि नदींतील बहुतेक सर्व प्रवाह क्षुब्ध आहेत. आणि क्षुब्ध प्रवाह बारकाईनें पाहिल्यास नेहमींच त्रिमितीय व अस्थायी असतो. अशा प्रवाहास स्थायी म्हणतात तेव्हां त्याचा अर्थ इतकाच कीं, क्षणोक्षणींची थरथर बाजूस सारून घेतलेली सरासरी बदलत नाहीं. ही तडजोड आहे. पण ती केल्यावांचून एकही नळ टाकतां आला नसता.

तडजोड कोठें चालत नाहीं, याचीं दोन उदाहरणें मननीय आहेत. पहिलें बंद नळाचें. खोपोलीचें वीजघर १९१५ मध्यें सुरू झालें. तेथें घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी सुमारे ५०० मीटर खालीं पोलादी नळांतून उतरतें आणि चक्रें फिरवितें. अशा नळांतून पाणी एकसारखें वाहत असेल तोंवर नळाला वरच्या पाण्याच्या उंचीचा दाब सोसावा लागतो आणि त्याचें गणित सोपें असतें. परंतु खालचा दरवाजा एकदम बंद केला तर वाहतें पाणी अडतें आणि अडल्याचा धक्का सेकंदाला हजारावर मीटर वेगानें नळांतून वर धांवत जातो. रशियन शास्त्रज्ञ जुकोव्स्की यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून याचा नियम सांगितला. धक्क्याचा वेग सेकंदाला १२०० मीटर धरल्यास, पाण्याच्या वेगांतील दर एक मीटर घटीमागें दाब सुमारे १२ वातावरणांनीं, म्हणजे १२० मीटरांहून उंच अशा पाण्याच्या स्तंभाइतका, वाढतो. तीन मीटर वेग एकदम थांबविला तर ही वाढ तिप्पट होते. स्थायी प्रवाहाच्या गणितांत या आघाताला स्थानच नाहीं. घरांत तोटी झटकन् बंद केली असतां भिंतींतून जो ठोका ऐकूं येतो, तो याच आघाताचा धाकटा भाऊ होय.

उपाय मात्र त्याच गणितांतून निघतो. धक्का नळाच्या वरच्या टोंकापर्यंत जाऊन परत येण्यास जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ घेऊन दरवाजा बंद करावा, म्हणजे आघात सौम्य होतो. १२०० मीटर लांबीच्या नळांत हा जाण्यायेण्याचा काळ दोन सेकंदांचा आहे. म्हणूनच उंचावरून येणाऱ्या पाण्यावर चालणाऱ्या वीजघरांत चक्र तांतडीनें थांबवावयाचें झाल्यास पाणी अडवीत नाहींत. फवाऱ्यापुढें एक पोलादी आडोसा आणून तो बाजूस वळवितात आणि मग तोंड सावकाश मिटतात.

दुसरें उदाहरण पुणेकरांच्या कायमचें स्मरणांत राहिलेलें आहे. १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं आंबी नदीवरील पानशेतचें मातीचें धरण फुटलें. तें पाणी खालच्या खडकवासल्याच्या तलावांत आलें. तें न पेलून तेथील एकोणिसाव्या शतकांतील जुनें दगडी धरणही त्याच दिवशीं फुटलें आणि पुण्यांत मुठेच्या कांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. असंख्य कुटुंबांचे संसार एका दिवसांत वाहून गेले. अशा प्रसंगीं नदीकडे पाहणाऱ्या माणसाच्या मनांत नकळत स्थायी प्रवाहाचें चित्र असतें. गेल्या पावसाळ्यांत पाणी अमुक पायरीपर्यंत आलें होतें, तेव्हां यंदाही तेथवरच येईल. आतां इतकें आहे, तर घटकाभरानेंही साधारण इतकेंच असेल, असें तो धरून चालतो. अस्थायी प्रवाहाला हे आडाखे लागू पडत नाहींत.

फ्रेंच अभियंता सँ-व्हनाँ यानें नदीच्या अस्थायी प्रवाहाचीं एकमितीय समीकरणें १८७१ मध्यें मांडलीं. त्यांतून निघणाऱ्या दोन गोष्टी सामान्य माणसानेंही जाणून घेण्यासारख्या आहेत. एक अशी कीं, नदीची पातळी एकच असली तरी चढत्या पुरांत त्या पातळीला उतरत्या पुरापेक्षां अधिक पाणी वाहत असतें. कारण चढतांना लाटेच्या पुढील बाजूस पाण्याला उतार अधिक मिळतो. तेव्हां पातळी पाहून केवळ स्थायी कोष्टकावरून पाण्याचा अंदाज बांधल्यास ऐन धोक्याच्या वेळीं तो कमी निघतो. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पुराची लाट पाण्यापेक्षां अधिक वेगानें चालते. रुंद पात्रांत हळूहळू चढणाऱ्या पुराची लाट पाण्याच्या सरासरी वेगाच्या सुमारे दीडपट ते पावणेदोनपट वेगानें पुढें सरकते. समजा, धरण गांवापासून ३६ किलोमीटर दूर आहे आणि पाणी सेकंदाला दोन मीटर, म्हणजे तासाला ७.२ किलोमीटर, वेगानें वाहतें. नदींत टाकलेलें लांकूड गांवीं पोंचावयास पांच तास लागतील. परंतु लाटेचा वेग तासाला १२ किलोमीटर धरला तर पाण्याची चढती भिंत तीन तासांतच येऊन ठेपेल. लांकडाच्या हिशेबावर निर्धास्त बसलेल्या गांवाचे दोन तास गेले. आणि वृद्धांना व मुलांना उंच जागीं नेण्यासाठीं तेच दोन तास हवे होते. धरण फुटून एकाएकीं सुटलेल्या पाण्याची लाट तर याहूनही उभी आणि अधिक उग्र असते.

पूर पात्रांत आहे तोंवर हें एकमितीय गणित पुरतें. पाणी कांठ ओलांडून गल्ल्याबोळांत शिरलें कीं दुसरी मिती जागी होते. तें रस्त्यांनीं, नाल्यांनीं, सखल मैदानांतून भलत्याच दिशेनें फिरतें. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. वरून पाऊस आणि खालून समुद्राची भरती अशा पेंचांत सांपडून मिठी नदीचें पाणी वस्त्यांतून पसरलें. तेथें केवळ नदीची लांबी मोजून भागण्यासारखें नव्हतें. कोणत्या गल्लींत केव्हां किती पाणी येईल, हा प्रश्न पूर्णपणें द्विमितीय व अस्थायी होता.

अशीं गणितें हातानें सोडविणें अशक्यप्राय होतें. म्हणून पूर्वी नद्यांच्या व बंदरांच्या लहान प्रतिकृति बांधून त्यांतून प्रत्यक्ष पाणी सोडीत. खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत् संशोधन संस्था मुंबई इलाख्यांत १९१६ मध्यें निघालेल्या एका छोट्या विभागांतून वाढली, आणि अशा प्रतिकृतींसाठीं तिचा लौकिक झाला. आज गणकयंत्रें कोट्यवधि बेरजावजाबाक्या क्षणांत करतात. तरीही यंत्राला काम सांगण्यापूर्वी मनुष्याला तेच दोन प्रश्न विचारावे लागतात : किती मिती ठेवावयाच्या आणि काळ सोडावयाचा कीं नाहीं? यंत्र दिलेलें गणित अचूक सोडवितें. तें गणित त्या नदीचें आहे कीं नाहीं, हें यंत्र सांगत नाहीं.

पुलाच्या कठड्याशीं उभ्या राहिलेल्या त्या माणसांपैकीं कोणी समीकरणें मांडीत नाहीं, आणि त्याची गरजही नाहीं. परंतु घाटाची एक पायरी मनाशीं नेमावी, घड्याळाकडे पाहावें, आणि दहा मिनिटांनीं पुन्हां त्या पायरीकडे पाहावें, एवढें कोणासही जमण्यासारखें आहे. पायरी होती तेथेंच दिसली तर नदी तूर्त स्थायी आहे. पायरी बुडाली असेल, तर पाणी पाहत उभें राहण्याची वेळ संपली असें समजावें आणि नदीकांठच्या घरांत आधीं निरोप पोंचवावा.